क्रूझ बंदरांवर हजारोंची गर्दी कशी हाताळली जाते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझच्या सफरीला निघालेली मंडळी जहाजावरील जेवण, केबिन आणि करमणूक यांची चौकशी बारकाईने करतात. पण सफरीतले सर्वांत धांदलीचे तास धक्क्यावर जातात आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. त्या तासांत बंदर काय करत असते, रांगा कशामुळे लागतात आणि कशामुळे टळतात, याविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

मोठ्या क्रूझ बंदरावर एका दिवशी किती माणसांची ये-जा होते?

फ्लोरिडातील मायामीचे उदाहरण घेऊ, कारण जगातील सर्वांत गजबजलेले क्रूझ बंदर म्हणून बहुधा त्याचेच नाव घेतले जाते. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या त्यांच्या आर्थिक वर्षात तेथे ८२ लाखांहून अधिक क्रूझ प्रवाशांची नोंद झाली. असा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे ज्या बंदरातून सफर सुरू होते आणि जेथे ती संपते, तेथे एकच प्रवासी चढताना एकदा आणि उतरताना एकदा, असा दोनदा मोजला जातो. बंदराच्या दृष्टीने हा हिशेब योग्यच आहे, कारण त्याच्या दारातून तो माणूस खरोखरच दोनदा जातो.

जानेवारी २०२४ मध्ये याच बंदरातून पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज ३६५ मीटर लांबीचे आहे. एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने त्यात ५,६१० प्रवासी मावतात, सगळ्या खाटा भरल्या तर सुमारे ७,६००, आणि कर्मचारी २,३५० वेगळेच. म्हणजे या एका जहाजासाठी सकाळी साडेपाच हजारांहून अधिक माणसे उतरणार आणि दुपारपर्यंत तितकीच चढणार. अकरा हजारांवर माणसांची ही ये-जा एकाच इमारतीतून साधारण आठ-नऊ तासांत उरकावी लागते. शनिवार-रविवारी अशी कितीतरी जहाजे धक्क्याला ओळीने लागलेली असतात.

सगळ्याच बंदरांवर सारखाच ताण असतो का?

नाही. सफर जेथे सुरू होऊन संपते त्या बंदराला होमपोर्ट म्हणतात. मायामी, बार्सिलोना, साउदम्प्टन, सिंगापूर ही त्याची उदाहरणे होत. वाटेत जेथे जहाज काही तास थांबते ते थांब्याचे बंदर. होमपोर्टमध्ये बॅगा, पासपोर्ट, चेक-इन, विमाने आणि टॅक्सी यांचा घोळ असतो. थांब्याच्या बंदरात प्रवासी हातात पाण्याची बाटली घेऊन उतरतो आणि संध्याकाळी परततो, त्यामुळे तेथे टर्मिनलचे काम हलके असते. तेथला ताण गावावर पडतो.

जहाज ज्या दिवशी रिकामे होऊन पुन्हा भरते, त्या दिवसाचे वेळापत्रक कसे असते?

या दिवसाला धंद्यात टर्नअराउंड म्हणतात. पहाटे अंधार असतानाच स्थानिक पायलट, म्हणजे त्या बंदराच्या पाण्याची खडानखडा माहिती असलेला वाटाड्या, समुद्रातच जहाजावर चढतो आणि सहाच्या आसपास जहाज धक्क्याला लागते. दोर बांधले जातात, गँगवे, म्हणजे जहाज आणि धक्का यांना जोडणारा चढण्या-उतरण्याचा पूल, जोडला जातो, सरकारी अधिकाऱ्यांची परवानगी मिळते आणि सातच्या सुमारास पहिले प्रवासी उतरू लागतात. साडेनऊ-दहापर्यंत जहाज रिकामे व्हावे, साडेदहा-अकरापासून नवे प्रवासी चढावेत, तीन-साडेतीनला दार बंद व्हावे आणि चार-पाचला जहाज सुटावे, अशी आखणी बहुतेक ठिकाणी असते.

प्रवाशांना दिसते ती या कामाची एकच बाजू. त्याच वेळी जहाजाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या पातळीपासून थोड्याच उंचीवर असलेल्या मोठ्या दारांतून फोर्कलिफ्टची अखंड ये-जा चालू असते. आठवडाभराची भाजी, फळे, दूध, मासळी आणि मांस लाकडी पॅलेटवर रचून आत जाते. वर्गवारी केलेला कचरा आणि रिकामी पॅलेट बाहेर येतात. दुसऱ्या बाजूने इंधनाची नौका लागलेली असते. वर हजारो केबिनमधल्या चादरी बदलायच्या असतात. चांगल्या टर्मिनलची रचनाच अशी असते की माणसे वरच्या मजल्यावरून गँगवेने जातात आणि माल तळमजल्यावरून, म्हणजे हे दोन प्रवाह एकमेकांना कोठेही छेदत नाहीत. उतरणारे आणि चढणारे यांच्यासाठीही निराळे जिने, निराळी दारे आणि शक्य असेल तेथे निराळे रस्ते ठेवलेले असतात. हे जेथे जमलेले नाही, तेथे कितीही सुंदर इमारत बांधली तरी अकराच्या सुमारास तिचा एस.टी. स्टँड होतो.

जहाज समोर उभे असताना आम्हाला आत सोडत का नाहीत?

दोन-तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या प्रवाशाच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. याचे कारण ‘शून्य’ हा एक आकडा आहे. प्रत्येक प्रवासी उतरताना दारावरच्या यंत्रावर आपले कार्ड टेकवतो, यंत्र टिंग करते आणि जहाजावर उरलेल्यांच्या संख्येतून एक वजा होतो. ही संख्या शून्यावर येऊन अधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिल्याशिवाय नव्या प्रवाशांना चढू देत नाहीत. त्याच जहाजावर लागोपाठ दुसरी सफर करणाऱ्यांचीही वेगळी मोजणी करतात किंवा त्यांना थोडा वेळ खाली उतरवून पुन्हा चढवतात.

हजारो माणसे उतरण्याचे काम बहुधा वेळेत होते. घड्याळ बिघडवतात ते शेवटचे पाच-सहाजण. कोणी झोपून राहिलेला असतो, कोणी नाश्त्याच्या टेबलावर रेंगाळत असतो, कोणाचे बिलाचे भांडण चालू असते. ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या नावांचा पुकारा होतो, कर्मचारी केबिनची दारे ठोठावतात आणि खाली हॉलमध्ये नवे तीन हजार लोक त्या पाच-सहाजणांची वाट पाहत बसतात.

सामानाची व्यवस्था कशी होते? बॅग हरवत नाही का?

माणसांपेक्षा सामान हाताळणे अवघड आहे, कारण माणसाला ‘डावीकडे वळा’ असे सांगता येते. चढताना बॅग धक्क्यावरच्या हमालाकडे द्यायची असते. तिच्यावर केबिनचा क्रमांक असलेला छापील टॅग लावलेला असतो. ती क्ष-किरण यंत्रातून जाते, जाळीच्या पिंजऱ्यात चढते, फोर्कलिफ्टने जहाजाच्या पोटात जाते, तेथे मजल्यानुसार वेगळी होते आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात पोहोचते. इस्त्री, किटली, दारूची बाटली अशी मनाई असलेली वस्तू यंत्रात दिसली तर बॅग बाजूला काढली जाते आणि मालकाला बोलावणे येते. ‘माझीच बॅग का आली नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा प्रवासात वापरायची छोटी इस्त्री निघते.

उतरण्याच्या आदल्या रात्री हाच क्रम उलटा फिरतो. प्रत्येक केबिनला रंगाचे किंवा आकड्याचे टॅग मिळतात आणि दहा-अकराच्या आत बॅग दाराबाहेर ठेवायची असते. कोणाचे विमान लवकर आहे, कोण त्याच शहरात राहणार आहे, हे पाहून हे गट पाडलेले असतात. खाली हॉलमध्येही त्याच आकड्यांचे विभाग आखलेले असतात आणि ज्या गटाचे सामान मांडून झाले त्यालाच खाली बोलावतात. माणूस आधी आणि बॅग नंतर असे झाले तर हॉल तुंबतो. उतरण्याची सगळी घडी या एका गोष्टीवर बसलेली आहे.

त्या हॉलमध्ये शिरल्यावर जमिनीवर रंगीत पट्ट्या दिसतात, छताला टांगलेले मोठे आकडे दिसतात आणि त्याखाली एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा काळ्या, चाकांच्या बॅगांच्या लांबच लांब रांगा. एक आजोबा तिसऱ्यांदा त्याच रांगेतून वाकून टॅग वाचत चाललेले असतात आणि दोन रांगा पलीकडे आजींनी हँडलला बांधलेल्या लाल नाडीवरून बॅग केव्हाच ओळखून बाजूला काढलेली असते. ज्यांना ही शोधाशोध नको असेल त्यांना स्वतःचे सामान स्वतः ओढत पहिल्या तुकडीत उतरण्याची मुभा बहुतेक कंपन्या देतात. मात्र जिना उतरताना ते सगळे सामान आपले आपल्याला पेलले पाहिजे.

औषधे, पासपोर्ट आणि सकाळी घालायचे कपडे रात्री बाहेर ठेवायच्या बॅगेत भरू नयेत. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण आमच्याच घरातील एका ज्येष्ठांनी सगळे कपडे शिस्तीने भरून बॅग दाराबाहेर ठेवली आणि सकाळी झोपण्याच्या पायजम्यातच परदेशी इमिग्रेशन पार केले.

आम्हाला चेक-इनसाठी ठरावीक वेळ दिली आहे. लवकर गेलो तर काय बिघडते?

आपल्या एकट्याचे काहीच बिघडत नाही, आणि नेमका हाच विचार सगळे करतात. पाच हजार माणसे अकरा वाजता आली तर दुपारी एकलाही ती दारातच असतात. तीच माणसे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी आली तर कोणालाही फारसे उभे राहावे लागत नाही. खिडक्या तेवढ्याच, कर्मचारी तेवढेच, जागाही तेवढीच असते. फरक येण्याच्या वेळेने पडतो. देवस्थानांनी दर्शनबारीत जे टोकन सुरू केले त्यामागचा हिशेब हाच आहे.

याच कारणाने आता घरबसल्या चेक-इन करायला लावतात. पासपोर्टचा तपशील, स्वतःचे छायाचित्र आणि बँक कार्ड आधीच भरून झालेले असेल तर खिडकीवरचे काम कागदपत्रे दाखवण्यापुरते उरते. ज्याने अर्ज अर्धवट भरला आहे तो खिडकीवर दहा मिनिटे घेतो, आणि ती दहा मिनिटे त्याच्या मागच्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

वेळेपूर्वी पोहोचणाऱ्याला काही बंदरांवर बाहेरच थांबवतात, काही ठिकाणी कानाडोळा करतात. उशिरा पोहोचणाऱ्याला मात्र सवलत नसते. प्रवासीयादी जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होते आणि त्यानंतर दार उघडत नाही.

इमिग्रेशनमध्ये हजारो पासपोर्ट इतक्या थोड्या वेळात कसे तपासतात?

बरीचशी तपासणी जहाज बंदरात येण्यापूर्वीच झालेली असते. परदेशातून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या जहाजाला सर्वसाधारणपणे ९६ तास आधी आगमनाची सूचना आणि त्यासोबत प्रवासी व कर्मचारी यांची यादी द्यावी लागते. छोट्या सफरींना वेळेची सवलत असते, पण तत्त्व तेच राहते. या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. ज्या नावांविषयी शंका आहे ती अधिकाऱ्यांच्या हातात आधीच असतात. उरलेल्यांसाठी चेहरा आणि पासपोर्टवरचे छायाचित्र जुळवणे एवढेच काम राहते. मायामीसह अमेरिकेच्या अनेक बंदरांवर हे काम आता कॅमेरा करतो. प्रवासी क्षणभर थांबतो, हिरवा दिवा लागतो आणि तो पुढे जातो.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांचे काम एवढ्याने भागेलच असे नाही. मायामीहून निघून कॅरिबियन बेटांना जाऊन मायामीलाच परत यायचे असेल, तर अमेरिकेचा प्रवेश दोनदा होतो. म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. बार्सिलोनाहून निघालेले जहाज वाटेत तुर्कस्तान किंवा मोरोक्कोला लागणार असेल, तर शेंगेन व्हिसाही, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांसाठी एकच असलेला व्हिसा, एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. चेक-इनच्या खिडकीवर रडकुंडीला आलेली कुटुंबे दिसतात त्यांतील अनेकांची अडचण ‘एकाहून अधिक’ या शब्दांची असते, आणि जहाज कंपनी अशा प्रवाशाला चढू देत नाही, कारण त्याला पुढच्या देशाने नाकारले तर ती जबाबदारी तिच्यावर येते.

सुरक्षा तपासणी विमानतळासारखीच असते का?

दिसायला तशीच असते. २००४ सालापासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे प्रत्येक जहाजाला आणि प्रवासी बंदराला सुरक्षा आराखडा ठेवावा लागतो. धोक्याच्या तीन पातळ्या ठरलेल्या आहेत. पातळी वाढली की तपासणी कडक होते आणि रांगही लांबते. थांब्याच्या बंदरातून परतताना पुन्हा तपासणी होते. त्या वेळी कार्ड यंत्रावर टेकवताच पहारेकऱ्याच्या पडद्यावर आपला चेहरा उमटतो, म्हणून एकाच्या कार्डावर दुसऱ्याला जाता येत नाही.

चढल्याबरोबर आपत्कालीन कवायतीला का बोलावतात?

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलियो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा बळी गेला. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाने ती २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. पूर्वी ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदम बोलावत, त्यामुळे जिन्यांवर दुसरीच चेंगराचेंगरी होई. कोविडनंतर अनेक जहाजांनी ही कवायतही तुकड्यांत वाटली: प्रवाशाने फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर सूचना पाहायच्या आणि आपल्या वेळेने ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची.

टर्मिनल इतके मोठे असूनही बाहेर टॅक्सीसाठी तासभर का थांबावे लागते?

कारण टर्मिनल बंदराचे असते आणि रस्ता शहराचा. क्रूझ बंदराची खरी कसोटी इमारतीच्या बाहेर लागते, असे आमचे मत आहे, आणि त्याला पुरेशी उदाहरणे आहेत.

मायामीचे बंदर बिस्केन उपसागरातल्या मानवनिर्मित बेटावर वसलेले आहे. बेटावर जायला पूल होता, पण त्यावरून क्रूझचे प्रवासी आणि कंटेनरचे ट्रक एकत्र जात आणि तो सगळा लोंढा थेट शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवर उतरत असे. अखेर समुद्रतळाखालून बोगदा खणला गेला आणि २०१४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाल्यावर बंदराची वाहने शहरात न शिरता महामार्गाला लागू लागली. नवी टर्मिनल बांधायची तर आधी हे करणे भाग होते.

हाँगकाँगचा अनुभव उलटा आहे. तेथील ‘काय ताक’ नावाचे टर्मिनल २०१३ मध्ये जुन्या विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकावर उभे राहिले. इमारत भव्य आहे, पण तिन्ही बाजूंना पाणी आणि शहराकडे जायला एकच वाट. ऑगस्ट २०२३ मध्ये एका मोठ्या जहाजाचे प्रवासी तेथे उतरले तेव्हा टॅक्सीसाठी लांबच लांब रांगा लागल्या, वृत्तपत्रांत टीका झाली आणि त्यानंतर जहाजांच्या दिवशी जादा बस सोडण्याची व्यवस्था करावी लागली. सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळेल असा हा प्रश्न आहे: चार हजार माणसे आणि एका टॅक्सीत चारजण, तर टॅक्सी किती?

विमानतळावर माणसे दिवसभर उतरत राहतात, म्हणून टॅक्सीवाला तेथे कायम थांबतो. क्रूझ बंदरावर सकाळी तीन तास झुंबड उडते आणि नंतर दुपारपर्यंत चिटपाखरू नसते. अशा ठिकाणी आपणहून कोणी चालक येऊन उभा राहत नाही. म्हणून गजबजलेली बंदरे बस कंपन्यांशी आधीच ठरवून घेतात, विमानतळाला जाणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका ठेवतात आणि ॲपवरून बोलावलेल्या गाड्यांना वेगळी जागा नेमून देतात.

जहाज धक्क्याला लागत नसेल तेथे काय करतात?

पाणी उथळ असले किंवा धक्काच नसला, तर जहाज समुद्रात थांबते आणि छोट्या टेंडर बोटींतून माणसे किनाऱ्यावर नेतात. एका बोटीत साधारण शंभर-दीडशे माणसे बसतात, म्हणजे तीन हजार प्रवाशांना वीस-तीस खेपा. त्यासाठी जहाजावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात आणि सहलीचे आधी पैसे भरलेल्यांना आधी सोडतात.

ग्रीसमधील सँटोरिनी येथे ही गाठ सर्वांत घट्ट बसते. जुन्या बंदरातून वर फिरा या गावात जायला तीनच मार्ग आहेत: पाचशेहून अधिक पायऱ्या, गाढवे किंवा केबल कार. केबल कारला सहा डबे असतात आणि प्रत्येकात सहाजण, म्हणजे एका खेपेला ३६ माणसे. ८,००० प्रवाशांना वर न्यायचे तर सव्वादोनशे खेपा होतात, आणि संध्याकाळी तितक्याच परतीच्या. समुद्रात कितीही बोटी वाढवल्या तरी कड्यावर जाणाऱ्या त्या ३६ जागा वाढत नाहीत. २०२५ पासून तेथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घालण्यात आली.

शहरे क्रूझ जहाजांवर निर्बंध का घालत आहेत? त्यांना पैसा नको आहे का?

पैसा हवा असतो, पण तो ज्यांना मिळतो आणि गर्दी ज्यांना सोसावी लागते ते लोक वेगळे असतात. प्रवासी जहाजावरच जेवतो, तेथेच झोपतो आणि गावात पाच-सहा तास काढून जातो.

व्हेनिसमध्ये हा वाद वर्षानुवर्षे चालला. जून २०१९ मध्ये ‘एमएससी ऑपेरा’ हे जहाज ज्युदेक्का कालव्यात ताबा सुटून धक्क्यावर आणि तेथे उभ्या असलेल्या पर्यटक बोटीवर आदळले. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून किंवा १८० मीटरहून मोठ्या जहाजांना त्या कालव्यातून जायला बंदी आली आणि मोठी जहाजे मार्गेरासारख्या औद्योगिक भागातील धक्क्यांकडे वळवण्यात आली. क्रोएशियातील दुब्रोव्हनिकने जहाज कंपन्यांशी बोलून एका वेळी दोनच मोठ्या जहाजांची शिस्त लावली. तटबंदीतल्या त्या गावाच्या वेशीचे दार केवढे आहे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. अलास्कातील जूनो या सुमारे ३२,००० वस्तीच्या शहराने २०२४ पासून दिवसाला पाच मोठी जहाजे आणि २०२६ पासून दिवसाला १६,००० प्रवासी, शनिवारी १२,०००, अशी मर्यादा कंपन्यांशी करार करून ठरवली. बार्सिलोनाने जुलै २०२५ मध्ये आपली क्रूझ टर्मिनल २०३० पर्यंत सातांवरून पाचांवर आणण्याचे ठरवले.

सरसकट बंदीपेक्षा जूनोसारखा करार अधिक उपयोगाचा वाटतो. धक्क्यांचे आरक्षण वर्ष-दोन वर्षे आधी होते. आकडा तेव्हाच ठरला तर जहाजे मंगळवार-बुधवारकडे सरकवता येतात. जहाज दारात येऊन उभे राहिल्यावर त्याला कोणीच परत पाठवू शकत नाही.

धुके, वादळ किंवा अपघात झाला तर हजारो प्रवाशांचे काय होते?

टेक्सासमधील गॅल्व्हस्टन आणि फ्लोरिडातील टँपा येथे हिवाळ्यात धुक्यामुळे जलमार्ग तासन्‌तास बंद राहतो. जहाज बाहेर, नवे प्रवासी वाटेत आणि उतरणाऱ्यांची विमाने सुटलेली, अशी तिहेरी कोंडी होते. अशा वेळी बंदराचे पहिले काम म्हणजे नव्या प्रवाशांना ‘अजून घरून किंवा हॉटेलातून निघू नका’ असा संदेश पाठवणे. ते वेळेत झाले नाही तर टर्मिनल भरून जाते.

२६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला आणि बंदराचे तोंडच बंद झाले. त्या वेळी सफरीवर असलेले ‘कार्निव्हल लेजंड’ व्हर्जिनियातील नॉरफोकला नेण्यात आले आणि तेथून प्रवाशांना बसने बाल्टिमोरला पोहोचवले, कारण त्यांच्या गाड्या बाल्टिमोरच्या वाहनतळावर उभ्या होत्या.

मुंबईत ही व्यवस्था कशी आहे?

मुंबईच्या बॅलार्ड पिअर या धक्क्याला प्रवासी नवे नाहीत. विलायतेच्या आगबोटींचे उतारू येथेच उतरत आणि धक्क्यालगत बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानकच होते. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीची टपाल आणि प्रवासी घेऊन तेथूनच पेशावरकडे निघत असे. आगबोट आणि आगगाडी यांची वेळ जुळवलेली असे, उतारूला शहरात शिरावेच लागत नसे. गर्दी हाताळण्याची याहून नेटकी रीत आजही फार थोड्या बंदरांना साधली आहे.

त्याच ठिकाणी उभारलेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. सुमारे ४,१५,००० चौरस फुटांच्या या इमारतीत चेक-इन आणि इमिग्रेशनच्या ७२ खिडक्या आहेत आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय करण्याचा हिशेब मांडलेला आहे. मुंबईच्या पाण्याची एक खोड येथे लक्षात घ्यावी लागते: मोठ्या भरती-ओहोटीत पातळी चार मीटरहून अधिक बदलते, त्यामुळे सकाळी जवळजवळ सपाट असलेला गँगवे दुपारी चढ किंवा उतार होऊन बसतो आणि तो सतत जुळवून घ्यावा लागतो. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे हंगाम बंद असतो. रस्त्याच्या बाबतीत बॅलार्ड पिअरची बाजू काही प्रमाणात बळकट आहे, कारण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि पूर्व मुक्तमार्ग दोन्ही जवळ आहेत. मात्र गल्ल्या अरुंद आहेत आणि मोठ्या बॅगा घेऊन लोकल पकडणे हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

कर्मचारीही याच गर्दीतून जातात का?

त्याच दिवशी, पण वेगळ्या दाराने. टर्नअराउंडच्या दिवशी करार संपलेले खलाशी, स्वयंपाकी आणि केबिन सांभाळणारे उतरतात आणि नवे चढतात. त्यांत गोवा आणि कोकणातील माणसे कितीतरी असतात. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. मायामीच्या धक्क्यावर प्रवाशांची शेवटची तुकडी गेल्यावर तासाभराची सवड मिळाली की ही मंडळी घरी फोन करायला बाहेर येतात.

वृद्ध प्रवासी आणि चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी काय सोय असते?

खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस मिळतो, पण मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. आयत्या वेळी मागितल्यास खुर्ची मिळते, पण तिच्यासाठीही रांग असते. टेंडर बोटीच्या थांब्यावर खुर्चीसह उतरता येईलच असे नाही. समुद्र हलत असेल तर कर्मचारी नकार देतात.

थांब्याच्या बंदरातून परतायला उशीर झाला तर जहाज थांबते का?

कंपनीच्याच सहलीला गेलेल्यांची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही, कारण धक्का, पायलट आणि पुढच्या बंदरातील जागा या तिन्हींच्या वेळा ठरलेल्या असतात. सगळ्यांनी परतण्याची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. किनाऱ्यावरच्या घड्याळात तासाचा फरक असू शकतो आणि फोन आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवू लागतो. वेळ टळल्यावर यंत्रातल्या नोंदीवरून कोण आलेले नाही ते कळते आणि अनेक जहाजांवर अशा प्रवाशाच्या केबिनमधल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून बंदरातील प्रतिनिधीकडे दिला जातो. पुढच्या बंदरापर्यंत पोहोचण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. त्या प्रतिनिधीचा फोन क्रमांक रोज केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर किंवा जहाजाच्या ॲपमध्ये दिलेला असतो. उतरण्यापूर्वी तो कागदावर लिहून खिशात ठेवावा.